इंग्लिश सतरा, बाजू ब

तुझ्या सीडीसोबतची पुस्तिका मी भिंग लावून वाचली, मुबीन.
त्या बँडचा पंचनामाच आहे तो.
गाणं एका गुरुवारी झालं,
बिस्किटांच्या बंद पडलेल्या कारखान्यात.
ड्रमर उशिरा आला, म्हणून सुरुवातीला नुसत्या टाळ्या.
एरवी भिंती हादरवणारी ती चार पोरं;
कंपनी म्हणाली, एक तरी गोड गाणं द्या,
नाहीतर गाशा गुंडाळा.
दातओठ खात दिलं त्यांनी.
शंभरात नंबर नाही, नऊशे तबकड्या खपल्या,
आणि गाशा गुंडाळलाच.
गायक पुढे कुणाला तरी म्हणाला,
त्या गाण्याचं नाव माझ्यासमोर काढू नका.

पान संपतं.
मनामा कुठंच नाही.

लिहून घे मग.
सन एकोणऐंशी. बाब अल बहरैनच्या मागच्या गल्लीत
मिर्झा जवादचं कॅसेटचं दुकान,
आडव्या माणसाएवढं रुंद.
मापून सांगतो; झोपायचो तिथंच.
अवालीच्या तेल कंपनीतला एक साहेब मायदेशी निघाला,
त्यानं विकायला काढलं: इस्त्री, कुत्र्याचा पट्टा,
रेकॉर्ड प्लेअर आणि चाळीस तबकड्या.
एकीच्या लेबलावर शाई सांडलेली.
नाव वाचता येईना, म्हणून मी कॅसेटवर लिहिलं:
इंग्लिश सतरा, बाजू ब, चौथं.

अवालीत वीज साठची, मनाम्यात पन्नासची.
हे आम्हाला कोण सांगणार?
प्लेअर गपचूप सहावा हिस्सा हळू फिरायचा.
तीन मिनिटांचं गाणं साडेतीनच्याही पुढे गेलं,
आणि वीस वर्षांचं पोर
पन्नाशीचं झालं, जड गळ्याचं,
एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढणारं.
टाळ्या तर अशा पडायच्या
की कुणी दार ठोठावतंय,
थांबतंय,
पुन्हा ठोठावतंय.

सलमानिया इस्पितळातली अच्चम्मा नर्स तीनदा घेऊन गेली.
दोनदा फीत झिजली, तिसऱ्यांदा काय ते विचारलं नाही.
मुहर्रकचा म्हातारा होडीवाला म्हणायचा,
याची बायको वारलेली दिसते.
शब्द एकालाही कळत नव्हते.
मी वहीत काट मारत गेलो:
अकराशे चार.
चोरीचा माल होता, कबूल.
पण मोजून विकला.

भरताना बिघडलेल्या कॅसेटी मिर्झा मला द्यायचा.
त्यांवर मी हर्णैला पत्रं बोलायचो:
पगार, पोटदुखी, छपराचे पैसे,
पुढच्या साली नक्की.
सतरा मिनिटांत माझं सगळं संपायचं.
मी बटण दाबून गप्प व्हायचो
आणि उरलेल्या फितीतून
तो वर यायचा, अर्ध्या ओळीपासून.

तुझ्या चाचीनं एकदा उलट कॅसेट धाडली.
बांगड्याचा भाव, आईचा मोतीबिंदू,
शेजारच्यांनी सरकवलेला बांध;
आणि शेवटी, आवाज बारीक करून:
तुमच्या खोलीतला तो दुसरा माणूस,
त्याला अजून सुट्टी नाही का मिळाली?

मी काहीच खुलासा केला नाही.
उलट पुढच्या वेळी मुद्दाम
चौदा मिनिटांतच थांबलो.

काल तू सीडी लावलीस.
टाळ्या धावत आल्या.
बस चुकेल अशा घाईत
एक चिमण्या आवाजाचं पोर गाऊन मोकळं झालं.
तुझी चाची स्वयंपाकघरातून डोकावली,
हाताला साफी माशाची खवलं.
हा तो नव्हे, म्हणाली.

तू तिला वेग समजावलास, वीज समजावलीस,
साठ भागिले पन्नास कागदावर करून दाखवलंस.
तिनं ऐकून घेतलं.
मग जेवताना, मला एकट्याला:
तो असतो कुठं आता?

मी तिच्या ताटातल्या माशाचे काटे काढत राहिलो.