सोळा रस्ते, बत्तीस तारा

मे महिन्यात गाडीचं इंजिन बसलं.
वाहेद मिस्त्री म्हणाला, अकरा हजार.
मी म्हणालो, बघू.
बघता बघता भिंतीला टेकलेली सायकल दिसली,
लेकीची, अकरावीच्या क्लाससाठी घेतलेली,
जांभळी, पुढं जाळीची टोपली,
हँडलला अजून तिचा एक मळका रबरबँड.

दुसऱ्या दिवशी टोपलीत पिग्मीचं मशीन ठेवलं
आणि मी, मन्मथ खानापुरे, वय त्रेपन्न,
लेडीज सायकलवर गंजगोलाईत उतरलो.

"काय अप्पा, गाडी इकलाव का?"
हे बांगडीवाल्यानं विचारलं.
गूळवाल्या सिद्रामप्पानं विचारलं नाही,
नुसता ढेपा तोलत राहिला,
आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला,
"माझं खातं बंद करा. आत्ताच."
मिरचीच्या गल्लीत तोवर पसरलं होतं:
एजंट सायकलवर आला म्हणजे संस्था बुडाली.
नऊ जणांनी पैसे काढले.
मॅनेजर ओरडला,
"खानापुरे, पार्टीचा विश्वास कशावर बसतो?"
मला उत्तर सुचलं रात्री दोन वाजता.
तेव्हा कुणाला सांगायचं?

एकोणतीस वर्षं या शहरात गाडी फिरवली
आणि या शहराला चढ आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
गाडीनं तर नाहीच.
आता मांडीला माहीत आहे:
औसा रोडला दवाखान्यापाशी एक लबाड चढ आहे,
डोळ्याला दिसत नाही,
शिवी तोंडात आली की समजायचं, लागला.
आडतीवर सोयाबीन ओततात त्याचा आवाज
दुसऱ्या कशासारखाच नसतो.
सोयाबीन ओतल्यासारखाच असतो.
तो मला त्रेपन्नाव्या वर्षी ऐकू आला.
डाळमिलचा कोंडा डोळ्यात जातो,
तो मात्र पूर्वीही जायचा.

त्या चढावर कधीमधी शेवंता भेटते,
बॅटरीच्या रिक्षात चार बाया आणि एक शिलाई मशीन घेऊन.
तिची रिक्षा इतकी गुमान येते
की गल्लीतली कुत्री तिच्यावर भुंकायचं विसरतात.
"धरा दांडा, मामा," म्हणते.
मी धरतो. शंभर पावलं फुकट.
"लाइटबिल वाढलंय," ती सांगते,
"पण घरी गेल्यावर खोकला येत नाही."
मागची बाई म्हणते, "पुढं बघ गं."

बाभळीचा काटा आठवड्याला एक ठरलेला.
गौसभाई घमेल्यात ट्यूब फिरवतात,
बुडबुडा दिसला की बोट ठेवतात,
आणि तेच पाणी संध्याकाळपर्यंत पुरवतात.
लातूरचं पाणी आहे, उगाच सांडत नसतात.

आता हिशेब. माझा धंदाच तो.
पेट्रोलचे रोजचे सत्तर
मी माझ्याच नावानं पिग्मीत भरतो.
खाते क्रमांक चौदाशे अठरा.
पावती मीच फाडतो, मीच घेतो,
आणि माझ्याच सत्तरावर
मला दोन रुपये दहा पैसे कमिशन सुटतं.
बायकोला हे सांगितलं
तेव्हा ती बराच वेळ हसली. मग म्हणाली,
"आणि वाहेदचे अकरा हजार?"
ते धरून नवं पान लिहिलं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा बसून
पुढच्या चाकाच्या तारा मोजल्या.
बत्तीस.
गोलाईला रस्ते सोळा.
एका रस्त्याला दोन तारा, एक जायची, एक यायची.
उगाच बरं वाटलं.
मागच्या चाकाला चाळीस निघाल्या.
त्या कशाला बसत नाहीत.

काल सिद्रामप्पानं हाक मारली.
"संस्था हाय नव्हं ठीक?"
"आहे की."
तो पायरी उतरून आला,
गुळाची ढेप दाबून बघतात तसा
अंगठ्यानं मागचा टायर दाबला,
दोनदा दाबला,
"हवा कमी हाय," म्हणाला,
आणि आत गेला.

कमी होती खरंच.