उघडी काहील

आधी कंदील सोडायचा.
पेवाच्या तोंडाशी पोटावर पडून, दोरी हळूहळू ढिली करत.
ज्योत तळाला टेकली तर आपणही उतरू,
विझली तर घरी जाऊन चहा प्यायचा.
हरिपुरातल्या हळदीच्या हमालांना एवढंच शास्त्र ठाऊक होतं
आणि तेवढं पुरायचं.

हे पेव महापुरापासून रिकामं.
हळद कुजून गेली, भिंतीला रंग राहिला,
नखानं खरवडला तर अजून पिवळा.
तळाशी आता एक पिंप आहे, ओकचं,
मिरजेच्या अस्लम मुजावरनं भंगारातून काढलेलं.
"सायेब, ह्यात द्राक्षाची दारू व्हती. वास जाईना म्हनून कुनी घेईना."
म्हटलं, वासासकट दे.

एकतीस वर्षं मी कारखान्याच्या डिस्टिलरीत, लॅबला.
मळीच्या टाकीत रानटी यीस्ट शिरलं की
रात्री दोनलाही बोलावणं यायचं.
वाफ, ब्लीचिंग, पुन्हा वाफ.
काचपट्टीवर लांबुडके, चुकार, बिननावाचे कुणी दिसले
की रजिस्टरात एक शब्द: दूषित.
पगार त्यांना मारायचा होता.
पेन्शन दोन हजार एकशे चाळीस,
तेही मढ्याच्या टाळूवरचंच लोणी म्हणा.

मग ऋजुता बेल्जियमहून आली,
स्वेटरात गुंडाळलेली एक बाटली घेऊन.
"बाबा, तिकडचे शेतकरी सुगीच्या गड्यांना ही द्यायचे."
पहिल्या घोटाला जिभेच्या कडा आखडल्या.
मग गोठा आला, घोड्याची ओली झूल, लिंबाची साल,
आणि सगळ्यांच्या मागून, उशिरा, ओळखीचं काहीतरी.
शशिकलेनं चमच्यानं चाखलं.
"एवढ्या लांबनं आंबील आणलीस व्हय गं?"

तळाचा गाळ पोरीनं विरजणाला ठेवायला सांगितला होता.
मी तो मोरीत ओतला.
आपल्याकडचे कोण येतात, बघू तरी.

गोणपाटाखाली सातूला मोड आणले,
गच्चीवर वाळवले, चिमण्यांनी त्यांचा वाटा नेला.
बंद पडलेल्या गुऱ्हाळाची धाकटी काहील
चौघांनी शिव्या देत जिन्यातून वर चढवली.
पौषातली रात्र. उकळलेला रस ओतला,
कुरियरनं आलेल्या जुन्या हॉप्सची मूठ टाकली
आणि झाकण ठेवलं नाही.

मफलर बांधून खुर्चीत बसलो.
हात सारखे फडकं शोधत होते, झाकायला.
संगमाकडून वारा.
कोण आलं ते दिसत नाही.
चिंचेच्या सालीवरून कुणी,
घाटाच्या शेवाळावरून कुणी,
पलीकडच्या स्मशानातूनही आलं असेल एखादं.
दारात उभं राहून जात कोण विचारणार?
पहाटे रसावर चांदणी पडली होती, थंडगार,
आणि एक बुडालेला किडा.

पहिलं पिंप शिरका झालं.
अजून लोणच्यात वापरतोय, शेजारीही नेतात.

दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी कंठ फुटला.
शशिकला कान लावून म्हणाली, "बोलाय लागलं की."
महिन्यानं वर साय धरली, पांढरी, सुरकुतलेली,
जिच्यासाठी मी अख्ख्या टाक्या गटारात सोडल्या होत्या.
वाकून बराच वेळ बघितली.
हात खिशात घातले.

त्याला आता सव्वा वर्ष झालं.
चैत्र लागला, बांधावरची बोरं संपली,
आज उतरून काढायचं ठरवलं होतं. पेला धुऊन ठेवला,
ऋजुताला फोनवर दाखवायचं म्हणून सदरा बदलला.
कंदील सोडला.
पाच हात. सात हात.
नवव्या हाताला ज्योत कुणी फुंकर मारावी तशी गेली.

वाऱ्याची झुळूक नव्हती.
उन्हाळा लागल्यावर पुन्हा उठलेत, म्हणजे.
अंधारात खाली त्यांचा श्वास साठलाय, तोंडापर्यंत नाही,
गुडघ्याला, कमरेला, माझ्या गळ्याला येईल एवढा.

काच अजून कोमट होती. दोरी गुंडाळली.
"झालं का?" शशिकला आतून.
नाही.
चहा टाक.