उजवा गुडघा

ग्लासगोहून शिल्पकार बाई आली, टेप आणि वही घेऊन.
मला विचारलं, किनियरचे हात कसे असायचे?
तीस वर्षं त्या क्लबाचे कपडे धुतले मी.
चिखल कुठल्या मैदानाचा, वासावरून सांगेन.
पण हात?
एक कायम कोटाच्या खिशात.
त्या खिशात काय असायचं
ते कोर्टालाही सापडलं नाही.

पोर्ट केरनमध्ये या पुतळ्यावरून
सख्खे भाऊ बोलेनासे झाले.
नगरपालिकेच्या सभेत मासळीवाला मॉराग उठला:
'बोटी गेल्या, बर्फाचा कारखाना गेला,
शाळेची दुसरी तुकडीसुद्धा गेली.
तेव्हा या माणसाने आम्हाला शनिवार दिला.'
एफी लॉरिमर बसल्या जागेवरूनच म्हणाली,
'आणि एका मंगळवारी रात्री नदीपलीकडे गेला,
दुप्पट पगारावर.
तेही कोरा दगडात.'
सभा तहकूब झाली. बिस्किटं उरली.

मी काहीच बोलले नाही.
मला टेलफर आठवत होता.

एकोणीस वर्षांचा तेव्हा.
उपांत्य सामना, मध्यंतर. मी टॉवेल घेऊन आत गेले
तर टेबलावर तो आडवा,
दातांत माझाच एक टॉवेल, गुडघ्यात सुई,
आणि किनियर त्याच्या केसांतून हात फिरवतोय
(हो, खिशातला हात तेव्हा बाहेर होता)
'पंचेचाळीस मिनिटं, पोरा.
मग बस की आयुष्यभर.'

आम्ही जिंकलो.
टेलफर बसला.

त्या रात्री धक्क्यावर मीही नाचले, लपवत नाही.
टॉवेल दोनदा उकळला.
दातांचे ठसे गेले नाहीत.

तर, बाईला मापाचा माणूस हवा होता,
सहा फूट दोन, खांदे रुंद, थोडे पडलेले.
गावात तसे दोघंच.
एक पाद्री, तो नको म्हणाला.
दुसरा टेलफर.
'लाज कशी वाटत नाही,' एफी त्याला दुकानात म्हणाली.
'ताशी चौदा पौंड,' तो म्हणाला, 'आणि खोलीत हीटर आहे.'
किनियरचा जुना कोट चढवून
अकरा दिवस उभा राहिला.

मार्चमध्ये अनावरण. वारा असा
की बँडच्या पोरांच्या वह्या समुद्रात गेल्या.
पडदा कोपराला अडकला,
अग्निशमन दलाचा पोरगा शिडीवर चढला,
पडदा सुटला.

चेहरा हुबेहूब. हनुवटीवरचा कापल्याचा व्रणसुद्धा.
टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या,
कुणीतरी अंडंही फेकलं, ते वाऱ्याने बँडवर नेलं.
मग हळूहळू लोक मान वाकडी करून पाहू लागले.
सगळा भार डाव्या पायावर.
उजवा गुडघा जरासा दुमडलेला,
आता बसेल की काय, असा.

'किनियर असा कधी उभा राहिला?
खांबासारखा असायचा खांबासारखा!'
'वय झालेलं दाखवलंय.'
'वारा सोसतोय.'
दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: विचारमग्न.

टेलफर माझ्या शेजारी होता, काठीवर रेललेला.
चिप्स खात होता.
मी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग वर पाहिलं,
मग परत त्याच्याकडे.
त्याने पुडा पुढे केला.
व्हिनेगर जास्त झालं होतं.

पाटीवर जन्म, मृत्यू, दोन चषक.
पैसे संपले म्हणून चौथरा बुटका राहिला,
त्यामुळे शाळेच्या पोरांचा हात
बरोबर त्या गुडघ्यापर्यंत पोचतो.
सामन्याला जाताना हात लावून जातात, शकुन म्हणून.
बाकी अंग काळपट पडत चाललंय, खांद्यांवर सीगलची घाण,
तेवढा गुडघा मात्र
पिवळाजर्द, चकचकीत.

परवा टेलफरने सहज विचारलं,
तो टॉवेल आहे का गं तुझ्याकडे अजून?
आहे, म्हटलं.
भांडी पुसते.