वल्ह्याला कान

घड्याळ, किल्ल्या, बँकेचं कार्ड
दाराबाहेरच्या डब्यात ठेवून मी आत जाते.
चुंबक लोखंड सोडत नाही.
एकदा त्याने एक खुर्ची धरून ठेवली होती, दोन दिवस.

सोमवारी नायट्रोजन भरायचा, मग ट्यूनिंग.
चुंबकाच्या पोटाखाली उकिडवं बसून
दोन पितळी दांड्या बोटांत धरायच्या.
एक फिरवली की पडद्यावरची दरी डावी-उजवी सरकते,
दुसरी फिरवली की खोल जाते,
आणि एकीला हात लावला की दुसरी बिघडते,
जावा-जावांसारखं.
दरी मधोमध येऊन तळाला टेकली
की मी म्हणते, झालं.
बावीस वर्षं हेच म्हणते आहे
कुलाब्याच्या टोकाला, जिथे खिडकीचं ग्रिल
दर दोन वर्षांनी समुद्र खातो.

माझा बाप होडी थांबवायचा,
वल्हं पाण्यात उभं सोडायचा
आणि वरच्या टोकाला कान लावायचा.
खाली ढोमीचा थवा असला
की लाकडातून कुटकुट येते म्हणायचा.
मला कधी आली नाही.
मी हो म्हणायचे.

इथे हाक आपणच मारायची:
सेकंदाच्या लाखाव्या भागाची एक थाप,
आणि लगेच गप्प.
मग रेणूतले कार्बन कुजबुजतात,
तेही सगळे नाही, शंभरात एखादा.
एका हाकेत काही कळत नाही.
हजारदा विचारायचं, उत्तरं एकावर एक रचायची.
दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट थांबा,
हा हिशोब मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते.
ती मान डोलावतात
आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, अजून किती?

तौसीफ परकारने कधी विचारलं नाही.
तिवराच्या सालीचा अर्क, चार वर्षांचा,
बोटभर काचेच्या नळीत.
"नाखवा मॅडम, हे बघा."
जिथे काही असायला नको तिथे
एक रुंद, काटेरी उंचवटा.
रेणूचं नावही त्याने ठरवलं होतं,
आईचं.
मी विचारलं, कधी दिसतो?
रात्री बारापर्यंत. मग नाही.

मासा वेळ पाळतो. रेणू नाही.

घरून पाकिटाएवढा रेडिओ आणला.
आमच्या चुंबकात कार्बन बोलतो
शंभर मेगाहर्ट्झच्या जरा वर.
काटा तिथेच नेला.
निवेदिका सांगत होती, पुढची फर्माईश
भायखळ्याहून, लग्नाच्या वाढदिवसानिमित्त.
तौसीफ हसला नाही.
मीही नाही, त्याच्यासमोर.

केबल सोलली. आतली तांब्याची जाळी
खाऱ्या हवेने हिरवी पडलेली,
बोट लावलं तर पीठ.
नवी केबल, नवा कनेक्टर,
सांध्यावर तांब्याची पट्टी गुंडाळून, दाबून,
रात्रभर पुन्हा चार हजार हाका.

सकाळी उंचवटा नव्हता.
त्याच्याखालीही काही नव्हतं, नुसतं गवत.
आम्ही त्या खरखरीला गवत म्हणतो.
तौसीफने नळी काढली, उजेडात धरली,
"चार वर्षं," म्हणाला, आणि चहाला गेला.
मी बघत बसले जरा वेळ.
चांगलं गवत होतं, सारखं कापलेलं.

घरी बापाला सांगितलं.
आता ओरडून सांगावं लागतं, अख्खी गल्ली ऐकते.
"मंग, काय गावला?"
काय नाय, बाबा. शांतता गावली.
त्याने भाताचा घास तसाच हातात धरला.
"मंग वल्हा बरा हाय."

तेव्हा मी खरं सांगितलं,
मला होडीत कधीच आली नाही ती कुटकुट.
"काय?"
पुन्हा सांगायचं तर आवाज चढवावा लागणार होता,
आणि शेजाऱ्यांचा टीव्ही नेमका तेव्हाच बंद झाला.
काय नाय, म्हटलं. जेव.