चीक

केळीचा डाग धुतला जात नाही
हे फैजपूरच्या पोरांना पहिलीतच कळतं.
मला पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी
त्यावर बावीस पानं लिहावी लागली.

ॲप्रनचा आता तपकिरी नकाशा झालाय,
खिशापाशी धरण, बाहीवर तापीचं वळण.
आई म्हणते, वखारीतल्या हमालाचा सदरा बरा यापेक्षा.

सुरुवात रुबाब तडवीपासून.
न्हावीच्या शिवारात घड उतरवताना
कोयता निसटला, डाव्या तळव्यात घुसला.
ओरडला नाही. तुटल्या दांड्याखाली हात धरला,
नळाखाली धरतात तसा,
चीक टपकू दिला,
आणि उरलेले घड मोजायला लागला.
मी बांधावर उभी, हातात मातीच्या नमुन्यांची पिशवी.
माती तिथंच राहिली.

मग रक्तपेढीतून मुदत संपत आलेल्या पिशव्या,
जळगाव ते फैजपूर, बर्फाच्या डब्यात, माझ्या मांडीवर.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
म्हटलं, ताक.

नळीत रक्त, रक्तात चीक, हातात स्टॉपवॉच.
कधी दोन मिनिटांत गोठायचं, कधी साडेपाच.
तीच बाग, तेच यंत्र, तीच मी.
आलेखावर ठिपके दोन घोळक्यांत उभे,
मांडवातल्या दोन्हीकडच्या वऱ्हाडासारखे,
मानपानावरून अबोला धरलेले.
सर म्हणाले, पिपेट धरताना तुझा हात कापत असेल.
आपल्या भाषेत हात दोन प्रकारे कापतो,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
दुपारी वीज गेली की फ्रीजला पाठ लावून बसायचे,
आतल्या चाळीस बाटल्या काळ्या पडू नयेत म्हणून
देवाला नाही, वायरमनला फोन.

तेवढ्यात परीक्षकाचं पत्र:
चीक न लावलेली जखम कुठे आहे, तुलनेसाठी?
रुबाबला वाचून दाखवलं.
आधी त्याला कळलं नाही, मग कळलं,
मग तो खोकला येईपर्यंत हसला.
"मंग आता उजवा हात कापू का, ताई?"

परीक्षकाला मी साध्या पाण्याचे आकडे पाठवले.

हसून झाल्यावर त्यानं फ्रीजमध्ये डोकावलं,
गार वाटावं म्हणून असेल.
एक बाटली उचलली, उजेडात तिरकी केली,
हुंगली, डावीकडे ठेवली.
दुसरी उजवीकडे.
"ह्या कांदेबागाच्या, ह्या मिरगाच्या.
येका जागी काहून कोंबल्या?
ह्याचा चीक दाट, त्याचा पानी.
आमी कापताना पाय सरकतो त्यावरून वयखतो."

सतरा इकडे, तेवीस तिकडे.
लेबलं माझ्या सांकेतिक अक्षरांत, त्यानं पाहिलीही नाहीत.
वहीतल्या तारखा काढल्या, लावणीचे महिने लावले,
दोन्ही वऱ्हाडं आपापल्या दारी गेली.
एकच बाटली चुकली होती.
ती चूक कोणाची, त्याची की माझ्या लेबलाची,
अजून शोधतेय.

निबंध आता स्वीकारलाय.
शेवटच्या पानावर सरांनी लिहिलं,
स्थानिक शेतमजुरांचे आभार.
मी ते खोडून रुबाबचं नाव वर टाकलं, तिसऱ्या जागी.
सर बराच वेळ पंख्याकडे बघत बसले,
मग म्हणाले, तुझं तू निस्तर.

संगणकावरचा अर्ज विचारतो:
लेखकाचा ईमेल. लेखकाची संस्था.
ईमेल मी काढून दिला त्याला, पासवर्ड त्याच्या बकरीचं नाव.
संस्थेच्या रकान्यात लिहिलं,
न्हावी शिवार, मोटेच्या विहिरीकडून चौथी बाग.

लाल अक्षरं आली: यादीतून निवडा.

यादी लांब आहे. मी अजून खाली जातेय.
बोटाला चीक लागलेला, माऊसवर डाग उमटतोय.