कूलरसमोर सुरय

वादळ ओडिशाकडं फुटलं, आणि चौथ्या दिवशी
अंबाझरीच्या पाळीवर हा सापडला.
वर काजळ, खाली चुना,
कपाळावर कुणी पांढरं बोट ओढल्यासारखं.
मासेमाराने टॉवेलात गुंडाळून आणला.
म्हणाला, "आपल्या तलावातला नाही हा.
पाण्याकडं पाहतच नाही."

उपचार केंद्रात मी रात्रपाळीचा माणूस.
मांजाने कापलेल्या घारी, विजेचा झटका बसलेली माकडं,
कुणाच्या तरी न्हाणीतून धरून आणलेली धामण,
हे माझं नेहमीचं.
समुद्र म्हणाल तर
स्वयंपाकघरातली मिठाची बरणी, तेवढीच ओळख.

डॉक्टर उईके चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, सुरय.
खोल दर्यावरचा.
घरट्यातून एकदा उडाला की दोन-चार वर्षं
जमिनीला पाय लावत नाही.
आणि आम्ही त्याला ठेवला होता
पंख्याच्या खोक्यात,
वर-वधू पाहिजेतच्या पानावर.

शेंडे चौकीदाराची चंचल दाराशी उभी,
हातात बर्फगोळा, गोळ्याहून जलद गळणारे प्रश्न.
"याचा गुडघा मांगं काऊन वाकते?"
तो गुडघा नाहीच गं, ती टाच.
गुडघा वर, पिसांत झाकलेला.
पक्षी जन्मभर चवड्यांवर चालतात,
झोपलेल्या घरातून कुणी निघावं तसे.

"दात?"
होते. याच्या फार जुन्या पूर्वजांना.
"मंग कोठी गेले?"
यावर मोठमोठी माणसं अजून भांडताहेत,
म्हणाल्या डॉक्टर, आणि चिमट्याने
बोंबलाचा तुकडा त्याच्या चोचीत सारला.

"डायनासोर याचा आजा होय का?"
आजा कशाला, हा त्याच घरातला.
बाकीचे गेले, ही एक शाखा उरली.
इथंच टाकळीकडं मातीतून ज्यांची हाडं निघाली
तेही याच्याच गोतातले.
चंचल खोक्यात वाकली, बराच वेळ,
मग हळूच: "याले कोणी सांगितलं नाही वाटते."

दिवेलागणीला त्याच्या चोचीवरून थेंब ओघळला.
मला वाटलं सर्दी.
सर्दी नाही. डोळ्यांवर ग्रंथी असते,
खारं पाणी पितो, मीठ नाकावाटे टाकतो.
चंचलने स्वतःचं मनगट चाटून पाहिलं.
"माह्यं बी निघून राह्यलं."
मे महिना. माझ्या सदऱ्याच्या पाठीवर
घाम वाळून पांढरा किनारा उमटला होता,
तो मी घरी गेल्यावर पाहिला.

झोपतो कधी, हे मीच विचारलं.
अर्धा मेंदू निजतो म्हणे, अर्धा जागा,
असं दुसऱ्या एका दर्यापक्ष्यात सापडलंय,
याचं खात्रीनं माहीत नाही.
अकरा वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला
ते चटकन पटलं.

दीडला वीज गेली. दोनला आली.
कूलर खडखडला, वाळ्याचा ओला वारा
थेट खोक्यावर.
आणि तीन दिवस मुटकुळं होऊन पडलेल्या त्याने
पंख उघडले.
फडफड नाही, काही नाही.
नुसते धरले वाऱ्यात,
टोकं जराशी थरथरत,
किती वारा, कुठून, हे मोजत असावा.
मी बटण एकावरून तीनवर नेलं.
खोक्याच्या तळाचा कागद उडाला,
तो उडाला नाही.
पण पाय उचलले होते. एक बोटभर. मी पाहिलं.

सकाळी फॉर्म भरला.
अधिवास या रकान्यात बाबूने लिहिलं, अंबाझरी.
खोडायला डॉक्टरांनी पेन मागितलं.
जीपने रायपूर, पुढं विशाखापट्टणम,
त्यानंतरचं कुणी कळवलं नाही.

झिरो माइलच्या खांबावर गावागावांचे आकडे कोरलेत.
समुद्राचा नाही.

चंचलचा एक प्रश्न तसाच राहिला,
जीप वळल्यावर विचारलेला:
"पाणी संपलं, हे याले वरतून
कोण्या गावावर समजलं असन?"
डॉक्टर उईके चष्मा पुसत राहिल्या.
मी आत जाऊन
रिकाम्या खोलीतला कूलर बंद करायचा
विसरलो, असं वहीत लिहिलंय.