गोल होडी

क्वी न्योनच्या पुढे, बस चुकलेल्या गावात
आम्ही तिघं आणि दोन सॅक.
तिसरी, शार्दूलची, रात्रीच्या गाडीबरोबर गेली.
लक्ष कुणी ठेवायचं होतं
यावर दीड दिवस अबोला.

थोआबाई बांबूच्या टोपलीएवढ्या होडीला राळ फासत होत्या.
काळ्या बोटांनीच खूण केली: बसा.

हिची नाळ कुठली, पिछाडी कुठली, कळेना.
वल्हं मारलं की आधी स्वतःभोवती गिरकी,
मग निघते कुठंतरी.
गुडघ्याला गुडघे. पाठ फिरवायची
तर समुद्रातच जावं लागलं असतं.

ऋजुता किंचाळली. शार्दूलला हसू फुटलं,
मग उलटी झाली, माझ्याच पायावर.
काठावरून थोआबाई ओरडत होत्या,
बहुतेक, उलटं वल्हवा.

रात्री त्याला मी पेस्ट दिली.
ब्रश नाही.